मुक्या धातूची जबानी

इ. स. १९४६ मध्ये, महायुद्धाचा धुरळा अद्याप पुरता खाली बसला नव्हता अशा वेळी, अमेरिकेच्या सिनेटपुढे बंद दाराआड चाललेल्या एका सुनावणीत रॉबर्ट ओपनहायमर यांना असा प्रश्न विचारण्यात आला की, तीन-चार माणसांनी अणुबाँबचे सुटे भाग गुप्तपणे न्यूयॉर्क शहरात आणून ते अवघे शहर उद्ध्वस्त करणे शक्य आहे काय. आणि ते शक्य आहे असे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितल्यावर, साहजिकच अस्वस्थ झालेल्या एका सभासदाने पुढे विचारले की, शहरात कोठेतरी दडवून ठेवलेला असा बाँब हुडकून काढावयाचा झाल्यास कोणते उपकरण कामी येईल. ओपनहायमर यांचे उत्तर एका शब्दाचे होते: स्क्रू-ड्रायव्हर. अर्थात बंदरात उतरणारी प्रत्येक पेटी नि प्रत्येक खोके खोलून पाहणे, यावाचून दुसरा इलाज नाही. ज्या मनुष्याच्या देखरेखीखाली तो बाँब घडला त्याच्याच तोंडून ही कबुली यावी, हे ऐकणाऱ्यांना किती जड गेले असेल याची कल्पना आजही करता येते.

या असहायतेचे मूळ त्या पदार्थांच्या स्वभावातच होते. अणुबाँबला लागणारे धातू दोन, प्लुटोनियम आणि युरेनियम. परंतु दोघांचे वर्तन अगदी भिन्न. अणुभट्टीत जन्मणाऱ्या प्लुटोनियमात त्याचे २४० भारांकाचे भावंड थोडेबहुत मिसळलेले असतेच, आणि त्याचा एक ग्रॅम दर सेकंदाला सुमारे एक हजार न्यूट्रॉन आपण होऊन बाहेर टाकीत असतो. न्यूट्रॉनला विद्युद्भार नसल्यामुळे शिशाची भिंतही त्याला फारशी अडवीत नाही. याच्या उलट, बाँबला लागणारा युरेनियमचा २३५ भारांकाचा प्रकार, युरेनियम-२३५, हा इतका अबोल आहे की त्याच्या एका पूर्ण किलोग्रॅममधून सेकंदाला एक न्यूट्रॉनसुद्धा निघत नाही. आकाशातून अखंड बरसणाऱ्या विश्वकिरणांमुळे आपल्या अंगणातील एका चौरस मीटरवर जितके न्यूट्रॉन येऊन पडतात, त्यांच्या गलबल्यात ही कुजबुज कोणत्याही यंत्राला वेगळी ऐकू येणार नाही. युरेनियमपासून निघणारे गॅमा किरण आहेत खरे, पण त्यांतील मुख्य किरण इतके दुबळे की काही मिलिमीटर शिशाचा पत्रा त्यांची वाट बंद करतो. तेव्हा जो साक्षीदार आपण होऊन तोंड उघडीत नाही, त्याला प्रश्न विचारल्यावाचून गत्यंतर नाही; आणि युरेनियमला समजेल असा मुख्य प्रश्न म्हणजे बाहेरून पाठविलेला न्यूट्रॉन. हा प्रश्न उचलून नेता येईल अशा पेटीत कसा भरावा, याच खटपटीची हकीकत येथे सांगावयाची आहे. आणि ती सांगताना पदोपदी असे जाणवते की, या शोधकामाची बहुतेक साधने शोधकामासाठी म्हणून कोणी घडविलीच नव्हती.

या हकीकतीचा आरंभ रुग्णालयात होतो, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही. १९३० साली जर्मनीत वाल्टर बोथे आणि हर्बर्ट बेकर यांना असे आढळले होते की, पोलोनियमचे अल्फा कण बेरिलियम या हलक्या धातूवर आदळले असता एक विलक्षण भेदक प्रारण निर्माण होते. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेम्स चॅडविक यांनी फेब्रुवारी १९३२ मध्ये त्या प्रारणाचा छडा लावून न्यूट्रॉन या कणाची जगाला ओळख करून दिली. त्यासाठी त्यांना जे पोलोनियम लागले, ते बाल्टिमोर येथील केली रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारांत वापरून निकामी झालेल्या रेडॉनच्या काचनलिकांतून काढलेले होते.

न्यूट्रॉनला खऱ्या अर्थाने खिशात घालण्याजोगे रूप दिले ते मात्र रोमने. व्हिया पॅनिस्पेर्ना या रस्त्यावरील भौतिकशास्त्राच्या इमारतीत एन्रिको फर्मी आणि त्यांचे तरुण सहकारी काम करीत असत. त्याच इमारतीत सार्वजनिक आरोग्य खात्याची रेडियमची ठेव होती आणि ती सांभाळणारे प्राध्यापक ट्राबाकी इतके उदार वृत्तीचे होते की या मुलांनी त्यांना 'ईश्वरी कृपा' असेच नाव दिले होते. त्या रेडियमपासून सुटणारा रेडॉन वायू बोटभर काचनळीत बेरिलियमच्या भुकटीसह कोंडला की न्यूट्रॉनचा उगम सिद्ध होई. रेडॉनचे अर्धायुष्य जेमतेम पावणेचार दिवसांचे, म्हणून नळी दर आठवड्यास नवी करावी लागे. पण ती मुठीत मावत असे आणि एका दालनातून दुसऱ्या दालनात धावत नेता येत असे. १९३४ च्या शरदात एदोआर्दो अमाल्दी आणि ब्रूनो पोंतेकोर्व्हो यांच्या ध्यानात आले की, हाच प्रयोग लाकडी मेजावर केला तर चांदी संगमरवरी मेजावरच्यापेक्षा पुष्कळ अधिक किरणोत्सर्गी होते. ऑक्टोबरच्या २२ तारखेला फर्मी यांनी मध्ये पॅराफिनचा ठोकळा ठेवून पाहिला आणि कोडे उलगडले: गोटी दगडावर आपटली तर तितक्याच वेगाने उसळते, पण तिच्याच आकाराच्या दुसऱ्या गोटीवर आदळली तर आपला वेग तिला देऊन मंदावते, तसाच न्यूट्रॉन हा लाकडातील नि मेणातील हायड्रोजनवर आदळून मंदावतो, आणि मंदावलेला न्यूट्रॉन अणुगर्भात शिरण्यास अधिक समर्थ होतो.

यातील पोंतेकोर्व्हो यांचे पुढील चरित्र आपल्या विषयाशी निकट निगडित आहे, म्हणून तेथे थोडे रेंगाळणे इष्ट होईल. १९३६ मध्ये ते पॅरिसला झोलिओ-क्यूरी यांच्याकडे गेले, आणि ज्यू कुळात जन्मलेल्या या तरुणाला फॅसिस्ट इटलीत परतण्याची वाट लवकरच बंद झाली. जून १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसच्या वेशीवर येऊन ठेपल्या, तेव्हा ते सायकलवर बसून दक्षिणेकडे निघाले. तुलूझ गाठले, तेथून स्पेनमार्गे लिस्बन, आणि अखेर जहाजाने अमेरिका. ओक्लाहोमा प्रांतातील टल्सा या तेलाच्या शहरात 'वेल सर्व्हेज' नामक कंपनीने त्यांना नोकरी दिली. भूगर्भात शेकडो मीटर खोल खणलेल्या, पोलादी नळ बसविलेल्या विहिरीच्या भिंतीपलीकडे कोणता खडक आहे, त्यात काही द्रव साठला आहे की तो कोरडा आहे, हे नळ न फोडता कळावे, ही त्या धंद्याची निकड होती. रोमच्या लाकडी मेजाचा धडा गिरविलेल्या पोंतेकोर्व्हो यांना उपाय सुचण्यास वेळ लागला नाही. रेडियम आणि बेरिलियम यांच्या मिश्रणाचा एक उगम आणि त्याच्या वर, मध्ये जाड आवरण ठेवून, एक मापक, अशी जोडी त्यांनी तारेने विहिरीत सोडली. पोलाद सहज ओलांडून न्यूट्रॉन खडकात शिरत, हायड्रोजनयुक्त पाणी वा तेल भेटले की मंदावत, आणि परत येणाऱ्या प्रारणाच्या चढउतारावरून त्या खोलीवरच्या खडकाचे अंतरंग कागदावर उमटे. १९४१ मध्ये त्यांनी ही पद्धती प्रसिद्ध केली. माझ्या मते, या संपूर्ण विषयाचे बीज टल्साच्या त्या विहिरींत आहे. न्यूट्रॉनचा उगम प्रयोगशाळेबाहेर नेऊन, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागेत प्रश्न म्हणून पाठवून त्याचे उत्तर धंद्याच्या उपयोगासाठी रीतसर नोंदवून घेण्याचा परिपाठ तेथे पडला. स्वतः पोंतेकोर्व्हो पुढे कॅनडात आणि इंग्लंडमध्ये अणुसंशोधनात गुंतले, १९५० मध्ये कुटुंबासह एकाएकी अदृश्य झाले, आणि सोव्हिएत रशियात प्रकटले. १९९३ साली दुब्ना येथे त्यांचे निधन झाले.

दरम्यान, युरेनियम प्रश्नाला उत्तर देतो आणि ते इतर कोणत्याही पदार्थाच्या उत्तरासारखे नसते, हे सिद्ध झाले होते. हान आणि स्ट्रासमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १९३८ च्या अखेरीस युरेनियमचे भंजन, म्हणजे त्याच्या अणुगर्भाचे फुटून तुकडे होणे, ओळखले. आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, १९३९ मध्ये, वॉशिंग्टन येथील कार्नेगी संस्थेत रॉबर्ट्स, मेयर आणि वँग यांनी दाखवून दिले की, न्यूट्रॉनचा मारा थांबविल्यानंतरही कित्येक सेकंदांपर्यंत युरेनियममधून न्यूट्रॉन निघतच राहतात. अशा विलंबित न्यूट्रॉनांचे प्रमाण फार अल्प असते. युरेनियम-२३५ च्या भंजनातून निघणाऱ्या हजार न्यूट्रॉनांत ते सहा-सात भरतील. परंतु व्यवहारातल्या मालात, मग ते लोखंड असो, लाकूड असो, कापड असो, उगम दूर केल्यावर अशी उशिरा साक्ष देणारा पदार्थ जवळजवळ नाहीच. १९४० मध्ये लेनिनग्राडच्या फ्ल्योरोव्ह आणि पेत्र्झाक या तरुणांनी युरेनियम आपण होऊनही क्वचित भंग पावतो हे शोधले, आणि विश्वकिरणांचा संशय उरू नये म्हणून मॉस्कोच्या भुयारी रेल्वेच्या दिनामो स्थानकात जमिनीखाली तो प्रयोग पुन्हा करून पाहिला. लपलेला अणुपदार्थ ओळखण्याच्या दोन्ही रीती, एक त्याचे स्वगत ऐकण्याची आणि दुसरी त्याला बोलते करण्याची, या दोन वर्षांत तत्त्वतः हाती आल्या. आणि तरीही १९४६ मध्ये ओपनहायमर यांना ते उत्तर द्यावे लागले, याचे कारण तत्त्व आणि पेटी यांमधील अंतर.

अमेरिकेच्या अणुशक्ती आयोगाने पुढे रॉबर्ट हॉफस्टॅटर आणि वोल्फगांग पॅनॉफ्स्की या दोन नामांकित शास्त्रज्ञांकडे दडविलेला बाँब कसा हुडकावा हाच प्रश्न रीतसर चौकशीसाठी सोपविला. त्यांचा अहवाल ओपनहायमर यांच्या त्या शब्दाच्या नावानेच ओळखला गेला आणि गुप्त दप्तरात जमा झाला.

पेटी लहान होण्यास कारण झाली ती एक काचेची नळी. १९३४ मध्ये केंब्रिजला ऑलिफंट, हार्टेक आणि रदरफर्ड यांनी ड्यूटेरियम या जड हायड्रोजनवर ड्यूटेरियमचाच मारा करून न्यूट्रॉन मिळविले होते. त्यासाठी लागणारे यंत्र खोली व्यापून टाकणारे होते. १९३७ मध्ये हॉलंडमधील आइंडहोव्हन येथे फिलिप्सच्या प्रयोगशाळेत पेनिंग आणि मौबिस यांनी निर्वात पंपाची गरज नसलेली, कायमची बंद केलेली न्यूट्रॉन नळी तयार केली. महायुद्धानंतर ट्रिटियम हा हायड्रोजनचा आणखी जड प्रकार उपलब्ध झाला आणि अशा नळीत ड्यूटेरियम-ट्रिटियमचा संयोग घडवून फार अधिक संख्येने व १४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट शक्तीचे न्यूट्रॉन मिळू लागले. या प्रगतीमागे खरा रेटा कोणाचा होता, हे सांगितलेच पाहिजे. नागासाकीवरील बाँबच्या गाभ्यात स्फोटाचा क्षण साधण्यासाठी पोलोनियम-बेरिलियमची एक गोळी असे. १९५० नंतरच्या दशकात तिची जागा गाभ्याबाहेर बसविलेल्या न्यूट्रॉन नळीने घेतली, आणि बाँबसाठी आटोपशीर व भरवशाची झालेली हीच जात १९६० नंतर तेलविहिरींत उतरली. बाँब पेटविणारी नळी आणि बाँब हुडकणारी नळी एकाच घराण्यातल्या असाव्यात, हे मला नेहमीच अस्वस्थ करते; परंतु इतिहास तसा आहे. नळीचा मोठा गुण असा की कळ बंद केली की ती निर्धोक होते आणि तिचे न्यूट्रॉन हवे तेव्हा ठोक्याठोक्याने सोडता येतात. विलंबित न्यूट्रॉन ऐकावयाचे तर मधली शांतता आवश्यकच असते.

ज्यांना वीज आणि उच्च दाब यांची यातायात नको होती, त्यांच्या मदतीस कॅलिफोर्नियम आले. बर्कली येथे १९५० मध्ये निर्माण केलेल्या या मूलद्रव्याच्या २५२ भारांकाच्या प्रकाराचा केवळ एक मायक्रोग्रॅम सेकंदाला तेवीस लक्ष न्यूट्रॉन देतो. त्याचे अर्धायुष्य अडीच वर्षांहून थोडे अधिक, आणि ओक रिज येथील अणुभट्टीत ते मोठ्या कष्टाने तयार केले जाते. लॉस अलामॉसच्या मंडळींनी १९७० नंतर असे यंत्र सिद्ध केले की त्यात कॅलिफोर्नियमचा कण बंद पिंपाजवळ क्षणभर नेला जाई, झटकन मागे ओढला जाई, आणि पिंपातून उशिरा येणारे न्यूट्रॉन मोजले जात; हीच क्रिया पुनःपुन्हा करून पिंपात युरेनियम किती हे ठरविले जाई. आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्थेच्या निरीक्षकांसाठी याच सुमारास अमेरिशियम-लिथियमच्या उगमाचे विहिरीसारखे मापक तयार झाले. त्या उगमाचे न्यूट्रॉन मुद्दाम मंद ठेवलेले असतात, कारण ते युरेनियम-२३५ चे भंजन करतात आणि निरुपद्रवी युरेनियम-२३८ ला सहसा स्पर्श करीत नाहीत. कारखान्याच्या हिशेबवहीत लिहिलेला धातू पिंपात खरोखर आहे की नाही, याची शहानिशा करणारे हे मापक मला कोणत्याही तहनाम्याच्या कलमाइतकेच मोलाचे वाटते.

शोधकामाची खरी कसोटी मात्र प्रयोगशाळेत लागली नाही. ती १९८९ च्या जुलै महिन्यात काळ्या समुद्रावर, याल्ताजवळ उभ्या असलेल्या 'स्लाव्हा' या सोव्हिएत क्रूझर युद्धनौकेवर लागली. दोन्ही महासत्तांच्या शस्त्रकपातीच्या वाटाघाटींत त्या वेळी समुद्रावरून सोडावयाच्या क्रूझ क्षेपणास्त्रांचा प्रश्न अडून बसला होता. कोणत्या क्षेपणास्त्राच्या टोकाशी अण्वस्त्र आहे आणि कोणत्याच्या नाही, हे दुसऱ्याच्या जहाजावर पाय न ठेवता ओळखता येत नाही, असे अमेरिकन सरकारचे म्हणणे. येते, असे सोव्हिएत शास्त्रज्ञांचे. तेव्हा अमेरिकन सरकारला बाजूस ठेवून सोव्हिएत विज्ञान अकादमी आणि अमेरिकेतील 'नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल' ही खाजगी संस्था यांनी प्रयोगच करून पाहण्याचे ठरविले, आणि ज्या नौदलाच्या गोपनीयतेची जगभर ख्याती त्याने आपल्या जहाजावरील खरेखुरे अण्वस्त्र परकीय शास्त्रज्ञांपुढे ठेवले. स्टीव्ह फेटर, थॉमस कॉक्रन प्रभृती अमेरिकनांनी द्रवरूप नायट्रोजनने थंड केलेला जर्मेनियमचा मापक क्षेपणास्त्राच्या नळकांड्यावर ठेवला आणि आतील युरेनियम-२३५ व प्लुटोनियम-२३९ यांच्या गॅमा किरणांच्या स्पष्ट खुणा कागदावर उमटल्या. त्याहून विस्मयकारक काम सोव्हिएत हेलिकॉप्टरने केले: त्यावरील न्यूट्रॉन-मापकांनी जहाजाजवळून उडताना तीस मीटरांहून अधिक अंतरावरून त्या अण्वस्त्राचे अस्तित्व ओळखले. आज तो प्रसंग वाचताना त्या लोकांच्या धैर्याबद्दल मनात आदर दाटतो. 'स्लाव्हा'ला पुढे 'मॉस्क्वा' हे नाव मिळाले आणि एप्रिल २०२२ मध्ये ती त्याच काळ्या समुद्राच्या तळाशी गेली.

परंतु हेलिकॉप्टरला ऐकू आले ते प्लुटोनियमचे स्वगत होते. तेथे केवळ युरेनियमचे अस्त्र असते तर ते हेलिकॉप्टर तसेच पुढे निघून गेले असते, आणि ही गोष्ट सोव्हिएत संघ कोसळल्यावर जगाच्या फार लवकर प्रत्ययास आली. डिसेंबर १९९४ मध्ये प्राग शहरात उभ्या असलेल्या एका मोटारीत जवळजवळ पावणेतीन किलो समृद्ध, म्हणजे २३५ चे प्रमाण वाढविलेले, युरेनियम सापडले. पोलिसांना त्याची खबर लागली होती. मे १९९९ मध्ये बल्गेरियाच्या रूसे येथील सरहद्दीवर जकात अंमलदारांना एका चालकाच्या वागण्याचा संशय आला, त्यांनी त्याच्या मोटारीची झडती घेतली, आणि शिशाच्या डबीत दडविलेले काही ग्रॅम युरेनियम हाती लागले. दोन्ही ठिकाणी मुद्देमाल माणसाने पकडला, यंत्राने नव्हे. २००२ आणि २००३ या वर्षांत तर अमेरिकेतील एका वृत्तवाहिनीच्या पत्रकारांनी सुमारे सात किलो निःसत्त्व, म्हणजे २३५ बहुतेक काढून घेतलेले, युरेनियम शिशाच्या आवरणात गुंडाळून परदेशातून जहाजाने मागविले, आणि दोन्ही वेळा ते तपासणी ओलांडून बिनबोभाट देशात पोहोचले.

त्यानंतरची खटपट बंदरांकडे वळली. कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर प्रयोगशाळेत अशी योजना आखण्यात आली की, मालाचा अख्खा कंटेनर मोटारी धुण्याच्या कमानीतून जावा तसा न्यूट्रॉनच्या झोतातून न्यावा, झोत बंद करावा, आणि आत भंजन झाले असल्यास त्याच्या तुकड्यांपासून पुढील काही सेकंदांत निघणारे उच्च शक्तीचे गॅमा किरण बाजूच्या मोठमोठ्या मापकांनी टिपावे. येथे एक अनपेक्षित अडचण निघाली. नळीतून निघणारे १४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे न्यूट्रॉन हवेतील, पाण्यातील, लाकडातील प्राणवायूचे किरणोत्सर्गी नायट्रोजनमध्ये रूपांतर करतात, आणि त्या नायट्रोजनचे सात सेकंदांचे अर्धायुष्य व त्याचे प्रखर गॅमा किरण यांमुळे निरपराध मालही युरेनियमसारखाच बोलू लागतो. म्हणून त्या संशोधकांनी न्यूट्रॉनची शक्ती जवळजवळ निम्म्यावर आणली. प्राणवायू गप्प झाला आणि युरेनियमचा आवाज वेगळा ऐकू येऊ लागला. शक्ती वाढविण्यापेक्षा ती कमी करून उत्तर शुद्ध करण्याची ही युक्ती मला या संपूर्ण इतिहासातील सर्वांत देखणी वाटते. त्याच सुमारास मापकांचीही ओढाताण सुरू झाली: न्यूट्रॉन टिपणारा हेलियम-३ हा वायू ट्रिटियमच्या क्षयापासूनच मिळतो, आणि बंदरोबंदरी उभारलेल्या कमानींनी त्याचा साठा इतका उपसला की २००९ च्या आसपास त्याची टंचाई उघड झाली व बोरॉन आणि लिथियमच्या मापकांकडे वळावे लागले.

अमेरिकेच्या २००७ च्या कायद्याने परदेशातून येणारा प्रत्येक कंटेनर तेथील बंदरातच तपासून पाठविला जावा आणि ही व्यवस्था २०१२ पर्यंत पूर्ण व्हावी असे फर्माविले होते. ती मुदत आली, आणि सरकारला ती वाढवून घ्यावी लागली. नव्या उगमाचा शोध मात्र थांबला नव्हता. त्याच काळात लॉस अलामॉस येथील 'ट्रायडेंट' या लेझरवर जर्मनीतील डार्मस्टाटच्या संशोधकांसह जो प्रयोग झाला, त्याचा वृत्तांत २०१३ च्या आरंभी प्रसिद्ध झाला. सेकंदाच्या अब्जांशाचाही हजारावा हिस्सा जिच्यापुढे दीर्घ वाटावा अशी लेझरची एक चमक ड्यूटेरियमयुक्त प्लॅस्टिकच्या अतितलम पापुद्र्यावर पडते, त्यातून सुटलेले ड्यूटेरॉन मागील बेरिलियमच्या ठोकळ्यावर आदळतात, आणि एकाच ठोक्यात अब्जावधी न्यूट्रॉन पुढच्या दिशेने झेपावतात. ठोका इतका ऱ्हस्व असल्यामुळे न्यूट्रॉनच्या प्रवासास लागलेल्या वेळावरून त्यांचा वेग ताडता येतो, आणि झोत विशिष्ट दिशेचा असल्यामुळे आसपासच्या माणसांना त्याचा उपसर्ग कमी. तो लेझर अर्थात दालनभर होता. त्याला मालमोटारीवर बसण्याजोगे करणे हे नंतरच्या मंडळींचे काम ठरले.

बंदरावरच्या अंमलदाराला मात्र झोत कितीही लहान पेटीतून निघो, आणखी एक गोष्ट आधी विचारावी लागते: या कंटेनरमध्ये कोणी माणूस तर लपलेला नाही ना. पोटासाठी वा जिवाच्या भीतीने मुलुख सोडून निघालेली माणसे मालाच्या आड दडून समुद्र ओलांडतात, हे सर्वांस ठाऊक आहे, आणि तपासणीच्या न्यूट्रॉनना तस्कराचे युरेनियम आणि अशा निर्वासिताचे शरीर यांतील भेद कळत नाही. म्हणून त्या अज्ञात माणसाला पोहोचू शकणाऱ्या किरणमात्रेची मर्यादा प्रथम ठरविली जाते, उगमाची शक्ती तिच्या आत बसविली जाते, आणि त्यामुळे एका कंटेनरला जो काही जादा वेळ द्यावा लागेल तो रांगेतल्या पुढच्या कंटेनरने थांबून सोसावा लागतो.